प्लसची तार आणि प्लासिडचा पाइप

चंदनसार, विरार (पूर्व), जि. ठाणे
पाडव्यानंतरचा रविवार, सन २०००

श्री. जितेंद्रराव यांस,

थोरल्या साडूचा नमस्कार. (वयाने थोरल्या. विजेच्या बाबतीत थोरले आपण, हे मी या पत्रात प्रथमच आणि बहुतेक शेवटचंच लिहून देत आहे.) आपली व चि. सौ. उन्नतीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. चंद्रपूरचं ऊन आता तापू लागलं असेल, तरी दुपारी डोक्याला ओला पंचा बांधल्याशिवाय बाहेर पडू नये. आपण पाठवलेली संत्रा बर्फी पोचली. डब्याचं झाकण आट्यांवर नीट बसलेलं नव्हतं, ते मी बसवून घेतलं. मनोरमेची तब्येत चांगली आहे, आवाज तर फारच चांगला आहे. तो गेले काही दिवस मला रोज ऐकू येतो. माझी प्रकृती म्हणाल तर जेवण जात नाही, आणि दुकान मागच्या दाराने उघडतो. पुढच्या दारासमोरून शत्रुघ्न पाटलाची सायकल जाते, आणि तो मला नमस्कार करतो. तो नमस्कार चुकवण्यासाठी हे सगळं. का, ते सांगायला बरीच पानं लागतील. आपण चहा घेऊन बसावं.

माझा धंदा आपल्याला ठाऊक आहे: बॅटरी चार्जिंग. रिक्षावाले, टेम्पोवाले संध्याकाळी मेलेली बॅटरी आणून टाकतात आणि सकाळी जिवंत घेऊन जातात. मी कॉलेजात का गेलो नाही, हे उन्नतीच्या लग्नात आपल्या काकांनी मला दोनदा विचारलं होतं. पण बॅटरीतून निघते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, आणि तिच्या सहवासात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस तिच्यासारखाच सरळ होतो अशी माझी समजूत होती. भिंतीतून येते ती एसी. ती सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. (लोक पन्नास म्हणतात. पन्नास ही आवर्तनं झाली. दिशा शंभर वेळा बदलते. लोकांना कोण सांगणार. मी सांगतो.) अशा चंचल विजेने सगळं जग चालावं आणि आमच्या सरळ विजेने रिक्षाचा हॉर्न वाजावा, हा अन्याय मी अर्धं आयुष्य मुकाट्याने सोसला. मुकाट्याने म्हणजे, गिऱ्हाईक सोडून इतर कुणाला ऐकवला नाही.

म्हणूनच चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर वीज डीसीच्या रूपाने यायला लागली, तीही पाच लाख व्होल्टच्या दाबाने, आणि ती पाठवणाऱ्या केंद्रात खुद्द माझा साडू आहे, हे कळलं त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले. रिक्षावाल्यांना वाटलं मला नातू झाला. मी त्यांना उभं करून समजावलं की इतक्या लांब पल्ल्याला एसी वाटेतच दमते, तिची ओढाताण होते, म्हणून चंद्रपुरात तिची डीसी करायची, तारेवरून आणायची, आणि पडघ्याला पुन्हा एसी करून मुंबईला द्यायची. म्हणजे प्रवासाचं काम आमचं आणि मिरवायचं काम एसीचं. एक रिक्षावाला म्हणाला, “शेट, माझी बॅटरी द्या, बायको वाट बघते.” अज्ञान.

आता गेल्या मे महिन्याची आठवण करून देतो. आपण सहकुटुंब आमच्याकडे होता. जेवताना आपण वर्तमानपत्राच्या समासात चित्र काढून मला दाखवलंत की या लायनीला दोन पोल असतात, एक प्लस आणि एक मायनस, आणि एक बंद पडला तर दुसरा एकटाच काम करू शकतो. परतीची वाट जमिनीतून. तार एक, परतीला पृथ्वी! माझ्या अंगावर काटा आला होता. मग आपण म्हणालात की जमिनीत वीज सोडायचा तो इलेक्ट्रोड केंद्राजवळ पुरत नाहीत, कित्येक किलोमीटर लांब, नळ-पाइप काही नाही अशा माळावर नेऊन पुरतात. त्यावर मी म्हणालो, “ही सरकारी उधळपट्टी.” आपण म्हणालात, “त्याचं कारण असं की...” आणि मी आपल्या ताटात बोंबील वाढले, आणि आमच्या मातीत मीठ कसं आहे, अशा मातीत वीज कशी लोण्यासारखी जाते, यावर बोलत राहिलो. आपलं वाक्य तिथेच राहिलं. आपण सभ्य गृहस्थ, पुन्हा सुरू केलं नाहीत. करायला हवं होतं. माझ्या तोंडात बोंबील कोंबून करायला हवं होतं.

तर आमच्या दुकानामागे खाडीच्या बाजूला, खाजणाच्या खारट जमिनीत, शत्रुघ्न पाटलाचं शेत. पावसाळ्यात भात, नंतर भाजी. घर शेतातच, आणि घराला वीज नाही; खांब तिथवर टाकायला वीजवाले तयार नाहीत. विहिरीवर डिझेलचं इंजिन. त्याची बायको शकूबाई पहाटे अंधारात कंदील लावून मुळा-माठाच्या जुड्या धुते आणि उजाडता विरारच्या बाजारात बसते. एकदा अंधारात तिचा पाय विहिरीच्या काठावरून घसरला, तेव्हा माझ्यातला माणूस जागा झाला. (मनोरमा म्हणते, माणूस नव्हे, साडू जागा झाला. असो.) मी ठरवलं, चंद्रपूर-पडघ्याच्या धर्तीवर चंदनसार-खाजण योजना करायची. दुकानात बारा-बारा व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. रेल्वेच्या डब्यातले जुने एकशेदहा व्होल्टचे दिवे भंगारातून आणले. (पावती आहे.) ताडांच्या रांगेवरून एकच तार शेतापर्यंत नेली. परतीला पृथ्वी. दुकानामागे खड्डा खणून त्यात तांब्याची प्लेट, कोळसा आणि मिठागरावरचं खडेमीठ घातलं. तिकडच्या टोकाला असाच खड्डा करायचा होता. पण बघतो तर विहिरीत इंजिनाचा दोन इंची लोखंडी पाइप थेट पाण्यात उतरलेला. आयता इलेक्ट्रोड! चाळीत सगळे नळाच्या पाइपालाच अर्थिंग देतात, आजवर कुणाचा पाइप त्याने झिजला आहे? मी पाइपाला क्लॅम्प मारला आणि दिव्याची दुसरी तार त्याला आवळली.

उरला प्रश्न प्लस कुठे आणि मायनस कुठे. दिव्याला दोन्ही सारखंच. मी विचार केला, चांगलं काम आहे, परक्याच्या दारी वजाबाकी कशाला पाठवा. प्लसची तार शेताकडे दिली. मायनस माझ्या तांब्याच्या प्लेटला ठेवली. जितेंद्रराव, यापेक्षा जास्त विचार मी त्यावर केला नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

दिवाळीत दोन दिवे लागले, एक घरात आणि एक विहिरीवर. आळी लोटली. मी छोटंसं भाषण केलं. (मनोरमेच्या मते छोटंसं नव्हतं.) त्यात आपला उल्लेख “चंद्रपूर येथील माझे सहकारी” असा झाला, तो आपण मोठ्या मनाने घ्यावा. शकूबाईने तारेला हळद-कुंकू वाहिलं. मी तिला सांगितलं की वीज दिव्यातून पाइपात, पाइपातून पाण्यात, पाण्यातून मातीत आणि मातीतून माझ्या घरी परत येते. ती म्हणाली, “म्हंजे सासुरवाशीनच की. दिस सारा हितं राबायचं आनि रातच्याला माहेरी.” मी म्हटलं तसं नाही. मग नीट विचार केला तर बरंचसं तसंच होतं.

पौष-माघाच्या सुमाराला इंजिन हवा ओढू लागलं. फटफट नुसतं करतंय आणि पाण्याचा पत्ता नाही. पाइप वर काढला तर पाण्यात बुडणाऱ्या भागात भोकं. आता हा पाइप पावसाळा सरताच बसवलेला, नवाकोरा, आणि बसवणारा प्लासिड. आपण त्याला पाहिलेलं नाही. वसईकडच्या पापडीचा, पाइपलाइनचं काम बापाच्या वेळेपासून. अंगाने पिंपासारखा आणि आवाजाने लाउडस्पीकरसारखा. चर्चचा घंटा-मनोरा चढून पाण्याची टाकी बसवतो आणि वरून खालच्या माणसाला जी शिवी देतो, ती पलीकडच्या गावात पोचते. शत्रुघ्नाने मला विचारलं, “शेट, तुमी जानकार, काय झालं आसंल?” आणि इथे, जितेंद्रराव, मला फक्त “माहीत नाही” म्हणायचं होतं. शब्द दोन. पण ते दोन शब्द माझ्या तोंडी कधी बसलेलेच नाहीत. मी पाइपावर नखाने टिचकी मारली, कानाजवळ धरला (का, ते मलाही माहीत नाही), आणि म्हणालो, “जस्ताचा थर पातळ. माल हलका.”

आळीत ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. प्लासिड मोटरसायकलवरून आला. म्हणाला, “श्रीरंगशेट, माझ्या बापाने चर्चचे नळ जोडले, अजून टिपूस गळत नाय. मी हलका माल लावतो?” मी शांतपणे म्हणालो, “आपल्या वडिलांबद्दल मी काहीच बोललो नाही.” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. प्लासिडने सगळ्यांदेखत दुसरा पाइप आणला, स्वतःच्या खर्चाने, ओळखीच्या दुकानातला जाड बघून, आणि बसवताना माझ्याकडे बघत प्रत्येक आटा इतका आवळला की पाना वाकला. उरलेला हातभर तुकडा त्याने रागाने विहिरीतच भिरकावला. हा तुकडा लक्षात ठेवावा. मी क्लॅम्प पुन्हा मारून दिला. तेवढ्यात शकूबाईने गोठ्यातही एक दिवा मागितला, तो मी आनंदाने दिला.

आता आपण इंजिनिअर आहात, आपल्याला पुढचं दिसलंच असेल. तीन दिवे, म्हणजे प्रवाह दीडपट. दुसरा पाइप पहिल्यापेक्षा जाड असूनही पहिल्यापेक्षा लवकर गेला. आणि मी यावरून काय अनुमान काढलं? मी असं अनुमान काढलं की प्लासिड दिवसेंदिवस जास्त लबाड होत चालला आहे. हे मी देवळाच्या ओट्यावर चार माणसांत बोललो. मधल्या काळात शकूबाईने दोनदा सांगितलं होतं की पाइपाला ओला हात लावला की मुंग्या येतात. मी तिला म्हणालो, संधिवाताला चांगलं असतं.

यात हसण्यासारखं काही नाही हे मला माहीत आहे. ऐन फाल्गुनात शेतात पाणी नाही. शत्रुघ्न आणि शकूबाई दोघं कळशीने पाणी ओढून वांगी जगवत होती. मी विहिरीवर जाऊन त्यांना धीर देत असे. दिव्याखाली उभा राहून. एकदा शकूबाई कळशी टेकवून म्हणाली, “भाव, तुमची लाइट लय चांगली. नाय तर अंधारात पानी ओढायला लागलं असतं.” मला तेव्हा कृतकृत्य वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. दुसऱ्या खोलीतही ते येतं.

तर आळीच्या नळाचं काम निघालं आहे. पाटलांच्या विहिरीवरून देवळापर्यंत आणि पुढे घरोघर पाइप टाकायचा. काम प्लासिडला द्यायचं जवळपास ठरलेलं. ते आता त्याला द्यायचं की नाही, हे येत्या हनुमान जयंतीला देवळात ठरणार. नाही दिलं तर एक काम जाईल एवढंच नव्हे. आमच्याकडे एका आळीने नाकारलेला माणूस दुसरी आळी दारात उभा करत नाही. प्लासिड स्वतःच म्हणाला, होऊन जाऊ द्या तपासणी, सगळ्यांसमोर. आणि तपासणी कोणी करायची? शेटने. जानकार माणूस. मी इस्त्रीचा शर्ट घालून आणि व्हर्नियर घेऊन गेलो. (व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं साधन हे आपल्याला सांगायला नको, मी तिथे सर्वांना सांगितलं.)

पाइप वर काढला. क्लॅम्पपाशी जाडी पुरेपूर, पाइपावरच्या कंपनीच्या शिक्क्याप्रमाणे, केसभरही कमी नाही. पाण्यात बुडालेला भाग चाळणी. मी म्हणालो, “बघा, एकाच पाइपात दोन प्रकारचा माल.” लोकांनी माना डोलावल्या. प्लासिड म्हणाला, “थांबा. ह्याच पाइपाचा तुकडा विहिरीत हाय. काढा तो.” कळशी बुडाली की काढायचा गळ शकूबाईकडे होता; तो टाकून टाकून तुकडा एकदाचा वर आला. जितेंद्रराव, तुकडा चकाकत होता. शेवाळ पुसलं तर जस्त जसंच्या तसं. तोच पाइप, तीच विहीर, तेच पाणी, तेवढेच दिवस. फरक एकच. त्या तुकड्याला माझा क्लॅम्प नव्हता.

माझ्या हातात व्हर्नियर तसाच राहिला. कारण जुनी बॅटरी फोडली की कुठली प्लेट आधी भुगा होऊन खाली पडते? प्लसची. नेहमी प्लसची. हे मला कुणा पुस्तकाने सांगितलेलं नाही, पंचवीस वर्षं तो भुगा मी स्वतःच्या हाताने खरवडला आहे. प्लसकडून वीज पाण्यात उतरते ती धातूला घेऊनच उतरते. एसीत हे होत नाही, कारण ती शंभरदा दिशा बदलते, एका हाताने नेलेलं दुसऱ्या हाताने बरंचसं परत ठेवते. चाळीतल्या नळांचे पाइप म्हणून टिकतात. आमची डीसी सरळ. ती नेते ते नेतेच. आणि मी तिला शत्रुघ्नाच्या पाइपावर नेऊन बसवलं होतं, शुभशकुन म्हणून.

प्लासिड म्हणाला, “बोला की शेट. पाइप बोलला, आता तुम्ही बोला.” सगळी आळी माझ्याकडे बघत होती. मी व्हर्नियर पुसला, डबीत ठेवला आणि म्हणालो, “तपासणी अपूर्ण आहे.” आणि घरी आलो. मागून प्लासिड ओरडला, “एवढे महिने तोंडाचा पट्टा चालू, आणि आज वाचा गेली रे तुझी!” तोवर मला तो ‘तुम्ही’ म्हणत होता.

खरी शरम पुढेच आहे. मी गप्प बसलो याचा आळीने अर्थ काय काढला? संध्याकाळी शत्रुघ्न दुकानात आला आणि हात जोडून म्हणाला, “शेट, तुमचं मन मोठं. दहा मानसांत त्याचा पानउतारा नको म्हनून तुमी गप ऱ्हायले. आमी समजलो काय ते.” म्हणजे मी बोललो तेव्हा प्लासिडवर नुसता संशय होता. मी गप्प बसल्यावर तो गुन्हेगार ठरला आणि मी संत झालो. तेव्हापासून शत्रुघ्न मला रोज नमस्कार करतो, आणि मी मागच्या दाराने दुकान उघडतो.

त्यानंतर मी घरी बसून गणित केलं. एक अँपिअर तासभर वाहिला की साधारण एक ग्रॅम लोखंड जातं. दिवाळीपासून दुसरा पाइप जाईपर्यंत मी शकूबाईच्या विहिरीत अर्ध्या किलोच्या पुढे लोखंड विरघळवलं. माझी तांब्याची प्लेट उकरून बघितली. नवीन नाण्यासारखी लखलखीत. तिला काही झालेलं नाही. मायनसकडे काही होत नाही. मायनसकडे मी होतो.

कळावे, लोभ आहेच. तो या पत्रानंतरही शिल्लक राहिला तर कळवावे.

आपला,
श्रीरंग

ता. क. १ : मुख्य काम लिहायचं राहिलं. आपल्या केंद्राच्या छापील कागदावर, आपल्या सहीने, चार ओळी पाठवाव्यात. मजकूर मी सुचवतो: “वसई-विरार भागातील खाडीलगतच्या क्षारयुक्त मातीत लोखंडी पाइप अकाली झिजण्याची शक्यता नाकारता येत नाही.” यात खोटं एक अक्षर नाही. कुठल्याही मातीत कुठल्याही गोष्टीची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे दोष मातीचा ठरेल, प्लासिड सुटेल आणि माझा विषय निघणार नाही. शिक्का मारायला विसरू नये. हनुमान जयंतीच्या आत पोचेल असं बघावं.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मनोरमेने वाचलं. घडी पुन्हा नीट घातली. मग भांडी घासता घासता म्हणाली, “म्हणजे आता मातीवर घ्यायचं? आधी प्लासिड झाला, आता माती. मातीला मोटरसायकलवरून येऊन विचारता येत नाही म्हणून?” मी म्हटलं, तुला यातलं तांत्रिक कळत नाही. ती म्हणाली, “नाही कळत. उन्नतीच्या नवऱ्याला शिक्का मारायला लावू नका एवढं कळतं.” पत्र टाकलेलं नाही. फळीवर ठेवलं आहे.

ता. क. ३ : पत्र अजून फळीवरच आहे, पण आता टाकीन. हनुमान जयंतीला देवळात गेलो. पुढच्या दाराने. प्लासिड आला होता, एका बाजूला हाताची घडी घालून उभा. मी उठून बोलायला सुरुवात केली. सगळं पहिल्यापासून सांगायचं ठरवलं होतं, म्हणून चंद्रपूरपासून सुरुवात केली. पाच लाख व्होल्ट, दोन पोल, परतीची जमीन, प्लसची बाजू, मायनसची बाजू, बॅटरीतल्या प्लेटा. मध्ये थांबलो की लोक टाळ्या वाजवत. त्यांना वाटलं मी नळाच्या कामाची माहिती देतो आहे. एक म्हातारा म्हणाला, “शेट, चंद्रपुरावरनं पानी आनायचं म्हंजे लय लांब पडंल.” मी पुन्हा सुरुवात केली. अँपिअर-तासापर्यंत आलो तेव्हा बायका प्रसाद वाटायला उठल्या. माझ्या लक्षात आलं की माझं सगळं शिक्षण आज मला या एका वाक्यापासून लांब ठेवायला उभं आहे, आणि फार चांगलं काम करतं आहे.

तेवढ्यात शकूबाई मागून म्हणाली, “भाव, जरा गप ऱ्हावा. मी इचारते त्ये सांगा. पाइप कुनी खाल्ला? प्लासिडनं?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग तुमच्या लाइटीनं?”

मी म्हटलं, “हो.”

आयुष्यात एवढं छोटं भाषण मी केलेलं नाही. प्रसाद वाटणाऱ्या बायका परात धरून जागच्या जागी थांबल्या. मी प्लासिडकडे बघितलं. मला वाटलं, आता ती मनोऱ्यावरची शिवी येणार. तो जवळ आला आणि म्हणाला, “दोन्ही वेळा पाना मी एकट्याने आवळला. तिसऱ्याला तू आवळणार. आणि आवळताना बोलायचं नाय.” त्याने मला अजून ‘तू’च ठेवलं आहे, ते आता बदलेल असं वाटत नाही, आणि मलाही ते बदलून नको आहे. नळाचं काम त्यालाच मिळालं. तिसरा पाइप (या वेळी माझ्या खर्चाने) आम्ही दोघांनी बसवला. मी बोललो नाही. एका ठिकाणी त्याने आट्यांवर गळती थांबवायचा ताग उलटा गुंडाळला होता, तरीही बोललो नाही. शत्रुघ्न आता नमस्कार करत नाही, नुसती घंटी वाजवतो. मला ती फार गोड वाटते.

ता. क. ४ : छापील कागद पाठवू नये. त्याऐवजी दुसरं एक काम. मी तार काढून टाकायला गेलो, तर शकूबाई आडवी आली. म्हणाली, “लाइट ऱ्हाऊ द्या. खायाचंच आसंल तर तुमच्या घरचं खाऊ द्या.” तांत्रिकदृष्ट्या याहून बिनचूक सूचना मला कोणी केलेली नाही. म्हणून जोडणी उलटी केली. आता मायनस तिच्या विहिरीकडे आहे. अशाने पाइप गंजत तर नाहीच, उलट जपला जातो. प्लस माझ्याकडे. तांब्याची प्लेट काढून खड्ड्यात मनोरमेचा तडकलेला तवा आणि ट्रकच्या स्प्रिंगचा एक मोडका पाटा घातला आहे. तवा झिजू लागला आहे. रोज उकरून बघतो, थोडा थोडा जातो आहे. बघून बरं वाटतं. तरी आपल्याकडे भंगाराच्या लिलावात जुन्या रुळाचा एखादा वीतभर जाड तुकडा निघाला तर रीतसर पावती करून पाठवावा. मनोरमा दुसरा तवा द्यायला तयार नाही.

ता. क. ५ : आणि गेल्या मे महिन्यात आपण “त्याचं कारण असं की” असं म्हणाला होता. ते वाक्य पूर्ण करून पाठवावं. पत्र आहे, त्यामुळे मला मध्ये बोलता येणार नाही. (समासातल्या त्या चित्रात आपण परतीच्या प्रवाहाचा बाण मात्र उलटा काढला होता. कागद जपून ठेवला आहे. ते भेटीत बोलू.)